चिमण्याचा सरकारी आकडा

पोळ्याला तीन दिवस राहिले होते आणि गहिनीनाथला अन्न गोड लागत नव्हतं. धामणवाडीच्या वेशीतून पोळ्याला मानाचा पहिला बैल निघायचा, तो सतरा वर्षं त्याच्या घरचा. यंदा मात्र त्याचा चिमण्या म्हातारा झाला होता, आणि समोरच्या आळीतल्या वैजनाथनं वजीर नावाचा असा खिलार आणला होता, की लोक वजीरला पाहून बाजूला होत आणि चिमण्याला पाहून हळहळत.

तशात मंगळवारी पुण्याहून नितीन साहेब जीप घेऊन आले. देशाच्या जेवणापायी आभाळात किती वायू जातो, पन्नास वर्षांपूर्वी किती जायचा आणि आता किती, याची त्यांना नोंद करायची होती. शेत, बैल, गिरणी, ट्रक, चूल, सगळ्यांना त्यांच्या तक्त्यात रकाने होते. जुने रकाने भरायला त्यांनी पारावरच्या राहीआजीला गाठलं.

"आजी, तेव्हा दळणाला किती डिझेल लागायचं?"

"डिझेल? जात्यावर दळायचो आमी. घाम लागायचा, लई. घामाचा रकाना हाय का?"

साहेबांनी तक्ता उलटून पाहिला. नव्हता. मग ते घाईनं बैलांकडे वळले. "बैल रवंथ करतो तेव्हा त्याच्या तोंडातून वायू निघतो. तो मोजायला हे आणलंय." त्यांनी नळी आणि पिशवी जोडलेलं एक रबरी मुसकं बाहेर काढलं.

"तोंडातनं?" गावातले सर्वांत वडीलधारे भिमाजीतात्या पुढं सरकले. "सायेब, बैलामागं चालन्यात जल्म गेला माजा. चुकीच्या टोकाला बांदताय तुमी."

झालं! गावात दोन तट पडले. साहेब मधे उभे राहून या वायूनं पृथ्वी कशी तापते ते घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होते, पण ऐकायला कोणाला सवड होती? शेवटी तोंडच कायम झालं, कारण दुसऱ्या टोकाला पट्टा बसेना.

तेवढ्यात वैजनाथनं संधी साधली. "तात्या, मानाचा वाद बी यातच मिटवा. सायेब ज्या बैलाला पैला म्हनतील, त्यो म्होरं."

"कबूल!" गहिनीनाथ म्हणाला. आपण काय कबूल केलं ते त्याला घरी पोचल्यावर उमगलं.

ज्याचा वायू जास्त त्याचा जोर जास्त, हे तर उघडच होतं. बुधवारी सकाळपासून त्यानं चिमण्यापुढं भिजवलेला हरभरा, पेंड, गूळ आणि ओला लसूणघास ओतायला सुरुवात केली. त्याची बायको विजयमाला धावत आली.

"अवो, पोळ्याच्या पुरनाची डाळ बी घातली व्हय?"

"पुरन पुढल्या साली व्हईल. मान गेला तर परत यायचा न्हाई."

दुपारी चिमण्या फुगला. पोट नगाऱ्यासारखं ताणलं, पाय फाकले, डोळे पांढरे झाले. बैलाच्या गळ्यात हात टाकून गहिनीनाथ रडायलाच लागला, "चिमण्या, मरू नगं रं! नगं मला पैला नंबर!" विजयमालेनं नवऱ्याला बाजूला ढकललं, बैलाला गोडंतेल आणि हिंग पाजलं, तोंड उघडं राहावं म्हणून त्यात आडवी काडी बांधली. थोड्या वेळानं चिमण्यानं जी ढेकर द्यायला सुरुवात केली, ती दिवस मावळेपर्यंत. वायू गेला, बैल वाचला. मात्र त्यानंतर त्यानं चाऱ्याला तोंड लावलं नाही.

गुरुवारी सकाळी मोजणी झाली. वजीरचा आकडा आला चौऱ्याऐंशी. टाळ्या पडल्या. चिमण्याचा आला अकरा. वैजनाथनं टोपी आभाळात उडवली, आणि गहिनीनाथ गुपचूप चिमण्याचा कासरा सोडायला लागला.

"पहिला चिमण्या," साहेब म्हणाले.

टोपी खाली पडली ती कोणी उचलली नाही.

"कमीत कमी वायू! असा बैल मी अजून पाहिला नाही. परवापासून घसा फोडून हेच तर सांगतोय."

"यंत्र बिगडलंय!" वैजनाथ ओरडला. "उद्या वेशीत समद्यांम्होरं परत मोजा."

साहेब शास्त्राचे माणूस. एका मापावर शास्त्र चालत नाही म्हणाले आणि कबूल झाले.

संध्याकाळी तूपहळदीनं चिमण्याचे खांदे मळून झाल्यावर गहिनीनाथ हळूच बायकोला म्हणाला, "उद्या मोजनी हुईस्तवर ह्याला काडी बी द्यायची न्हाई."

"काय म्हनला?" विजयमाला ताडकन उठली. "आत्ता खांदा मळताना त्याच्या कानात 'उद्या जेवायला या' म्हनून आवतन दिलं न्हवं? आवतन दिऊन उपाशी ठिवायचं? तुमीच ऱ्हावा उपाशी."

राहीआजीकडून डाळ आली, पुरण शिजलं. पोळ्याच्या दुपारी चिमण्यानं सात पोळ्या खाल्ल्या. पाहुणे म्हणून बोलावलेल्या साहेबांनी "नको, नको" म्हणत सहा.

वेशीत तोरण बांधलं होतं. झूल पांघरलेला चिमण्या पुढं, वजीर त्याच्या शेपटाला. साहेब मुसकं घेऊन आले. तात्यांनी हात वर केला, वाजंत्री थांबली आणि सगळं गाव चिडीचूप झालं. नेमका तेव्हाच चिमण्यानं मान वर करून ढेकर दिला. तो लांबच लांब होता, पुरणाच्या वासाचा होता आणि थेट साहेबांच्या तोंडावर होता.

"लिवा सायेब, लिवा!" वैजनाथ नाचायला लागला.

साहेबांनी तक्ता उघडला. गहिनीनाथ कासरा सोडून त्यांच्यासमोर आडवा उभा राहिला. "सायेब, ह्यो सनाचा ढेकर हाय, सरकारी न्हाई. आवतन दिऊन जेवू घातलंय त्याला. तुमी बी त्याच घरी जेवला."

शास्त्राला सणवार नसतात, असं सांगायला साहेबांनी तोंड उघडलं. पण शब्दांच्या आधी सहा पोळ्यांचा ढेकर बाहेर आला, आणि तो इतका मोठा होता, की वजीरनं मान वळवून पाहिलं.

"लेकरा," राहीआजीनं विचारलं, "ह्यो कंच्या रकान्यात टाकतुयास?"

साहेबांनी तक्ता सुलटा पाहिला, उलटा पाहिला. मग घडी घालून खिशात ठेवला, मुसकं जीपमध्ये टाकलं आणि वाजंत्र्यांना हातानं खूण केली. अकराचा आकडा तसाच राहिला. चिमण्या सावकाश रवंथ करत तोरणाखालून पुढं निघाला.