पाचाचा छर्रा

आमच्या नाहूरच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की सावंतकाका आधी त्याचं माप ठरवायचे. घराचं नव्हे, माणसाचं, आणि तेही छर्र्यात. "तिसऱ्या मजल्यावरचो जोशी? साडेचार. सुसाट सुटता, जरा वारो इलो की भरकाटता." आमचे सेक्रेटरी साडेपाच. "दणको मोठो, पण लांब जायसर खाली पडता."

एअरगनचे छर्रे बहुतेक याच दोन मापांत मिळतात, साडेचार मिलिमीटर आणि साडेपाच. काकांची बंदूक मात्र पाचाची. गोदीत फिटर असताना एका परदेशी बोटीवरच्या इंजिनिअरने निघताना दिलेली, सोबत छर्र्यांचे डबे. "पाचाक साडेचाराचो वेग आणि साडेपाचाचा वजन," हे मी हजारदा तरी ऐकलं असेन. तोटा एकच, छर्रा कुठेच मिळत नाही. एकदा दुकानदार म्हणाला, "काका, साडेचाराचाच घाला ना, अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय?"

"तुझी कवळी अर्धो मिलिमीटर सैल कर," काका म्हणाले, "मग सांग."

डबे संपत आले तसं रेशनिंग सुरू झालं. दर रविवारी गच्चीवर भिंतीपाशी चिंध्या भरलेलं खोकं, त्यावर कागद, आणि फक्त दोन छर्रे. एक त्यांचा, एक माझा. छर्रे दोन, व्याख्यान दोन तास. काकी गेल्यापासून काकांचा रविवार म्हणजे मी, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी एके दिवशी मी कंटाळून सांगून टाकलं, "काका, खांदा धरलाय. बंदूक उचलवत नाही."

पुढच्या रविवारी काका दारात. हातात स्वतः उकळलेलं तेल. "चोळ रे रोज." मग दर रविवारीच. मी खांदा वाकडा करून दार उघडायचो, बाटली घ्यायचो, पाच मिनिटांत त्यांना वाटेला लावायचो. बाटल्या सगळ्या सिंकखाली, न उघडलेल्या. वर्षभर हे चाललं. लिहितानाही लाज वाटते.

गेल्या रविवारी ते आलेच नाहीत. मीच वर गेलो. ताप होता, पलंगावर पडून होते. उशाशी छर्र्यांची शेवटची डबी. उघडून पाहिलं तर चौदा. वर्षापूर्वीही चौदाच होते.

"मारले नाहीत, काका?"

"अर्धे तुझे मा? खांदो बरो होवंदे."

आता गप्प बसवेना. म्हणालो, "खांदा कधी दुखलाच नाही, काका. मला कंटाळा आला होता."

काकांनी चादर छातीपर्यंत ओढली. "ठावक आसा माका. लिफ्ट बंद होती तेव्हा सिलिंडर खांद्यार घेवन चढत होतंस. मी मागेच होतंय."

"मग तेल कशाला आणत होतात?"

"तेल घेवन इलंय," काका म्हणाले, "की तू दार तरी उघडतंस, झिला."