बासष्टावा ढग

ऑक्टोबरात राजश्रीबाईंच्या गच्चीवर टाकलेला पातळ पंचा चाळीस मिनिटांत वाळतो. आज एक तास दहा मिनिटं झाली तरी त्याच्या खालच्या काठाला बोटभर ओल होती. राजश्रीबाईंनी ती ओल चिमटीत धरून पाहिली आणि मग पूर्वेकडे पाहिलं. सह्याद्रीच्या बाजूला, आकाशाच्या अगदी तळाशी, कापसाचा एक बोळा उभा राहत होता. साडेदहालाच हा एवढा असेल, तर दोनपर्यंत त्याचं काय होईल, हे त्यांनी बत्तीस वर्षं कॉलेजात फळ्यावर काढून दाखवलं होतं. स्वतः मात्र त्या दर वेळी प्रत्यक्ष जाऊन बघत.

"ईशा, मी साखरप्याला जाऊन येते," त्या म्हणाल्या.

ईशा गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गादी उलटी करत होती. काल पुण्याहून आल्यापासून तिने घर आवरायला काढलं होतं. चार गाद्या उन्हात पडल्या होत्या, पिठाचा मोठा डबा घासून कठड्यापाशी ठेवला होता आणि गच्चीवरची बरीचशी अडगळ खाली गेली होती.

"आई, आज संध्याकाळी सात वाजता फ्लॅटवाल्या काकांचा फोन येणार आहे."

"तोवर येते की."

"आणि उत्तर?"

उत्तर आठ महिने रखडलं होतं. आईने आता एकटीने रत्नागिरीत राहू नये, पुण्याला यावं, असं ईशाचं म्हणणं. राजश्रीबाई आधी म्हणाल्या, आंबा संपू दे. मग म्हणाल्या, गणपती होऊन जाऊ देत. आता ईशाच्याच इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. परवा फोनवर राजश्रीबाईंच्या तोंडून 'दिवाळीनंतर' एवढाच शब्द निघाला आणि ईशाने त्याच दिवशी बस पकडली.

"सातच्या आत सांगते. नक्की."

"मग मीपण येते तुझ्याबरोबर," ईशा म्हणाली. "तू ढगाचं निमित्त करून कोल्हापूरला पोचशील."

गाडी म्हणजे चोवीस वर्षांची, दोनदा पासिंग करून घेतलेली मारुती. तिच्या कप्प्यात एक जाड वही असे. तारीख, वेळ, ढगाची दिशा, कुठे थांबलो, आणि शेवटच्या रकान्यात 'गाठला' किंवा 'हुकला'. चोवीस वर्षांत एकसष्ट पाठलाग झाले होते. गाठले नऊ. बाकीचे बावन्न ढग राजश्रीबाई पोचायच्या आधी बरसून गेले, नाहीतर त्यांना पाहून विरघळले.

यातले बहुतेक पाठलाग त्यांच्या नवऱ्याच्या, विनीतच्या काळातले. विनीत जिल्हा परिषदेत होता. त्याला गडगडाटी ढग आणि भट्टीचा धूर यांतला फरक कळत नसे, पण गाडी तोच चालवायचा. प्रत्येक फाट्यावर तो एकच प्रश्न विचारी, "बाई, डावीकडे की उजवीकडे?" जगाने बाई म्हणावं आणि नवऱ्यानेही, याचं राजश्रीबाईंना तेव्हा हसू यायचं. तो जाऊन चार वर्षं झाली, आता फाट्यावर कुणी विचारत नसे. त्या मनातल्या मनात स्वतःलाच विचारत आणि मग हात दाखवून वळत.

हातखंब्याला चहाच्या टपरीवर धाकू गाळणं हलवत उभा होता. मारुती दिसताच त्याने गाळणं ठेवलं आणि मोबाईल कानाला लावला.

"गंगुवैनी, बाई निघाल्या! व्हय, तुमच्याच बाजूला!"

"बघितलंस?" राजश्रीबाईंच्या आवाजात अभिमान होता. "माझी गाडी दिसली की हा पुढच्या गावांना कळवतो. भातकापणीचे दिवस आहेत. इशारा वेळेत गेला पाहिजे."

"मस्त," ईशा म्हणाली. आईला इतकं मानतात हे तिला ठाऊक नव्हतं.

पालीच्या पुढे मात्र तिला जरा चमत्कारिक दिसू लागलं. पूर्वेकडचा बोळा आता फुलकोबीसारखा फुगून उंच चढला होता. त्याचं पोट काळं पडलं होतं. आणि रस्त्याकडेच्या खळ्यांत माणसं भातावरच्या ताडपत्र्या काढत होती.

राजश्रीबाईंनी काच खाली केली. "अहो, झाका! पाऊस येतोय!"

"व्हय, व्हय, बाई!" खळ्यातला माणूस आनंदाने हात हलवून ओरडला आणि त्याने उरलेली ताडपत्रीही ओढून बाजूला केली.

"आई, तो काढतोय ताडपत्री."

"घाई झाली की माणूस उलटंच करतो," राजश्रीबाई म्हणाल्या.

नाणीजच्या अलीकडच्या वाडीपाशी गंगुबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. हातात विळा, डोक्याला टॉवेल. गाडी थांबवण्यावाचून मार्गच नव्हता.

"बाई, आलाव! या, या. ही ईशा ना? केवढी झाली! चला, घावणे घातलेत."

"गंगुबाई, आज नको. ढग पुढे आहे, निसटेल."

"ढग कुटं जातोय? गाडी तापली आसंल तुमची. केरू, गाडीत पानी घाल रं!"

गंगुबाईंचा दीर केरू घागर घेऊन तयारच होता. राजश्रीबाई नको नको म्हणेपर्यंत त्याने बॉनेट उघडलं, पाण्याची हवी ती टोपी काढली, तेलाची नको ती टोपी काढली, आणि दोन्ही खिशात टाकून निघून गेला.

"आता कुठे गेला हा?"

"येल की. तवर बसा."

पहिला घावणा झाला. दुसरा झाला. राजश्रीबाई पडवीतून सारख्या आकाशाकडे बघत होत्या. ढगाचा माथा आता ऐरणीसारखा सपाट पसरला होता. त्याच्यासाठी त्या पन्नास किलोमीटर जायला निघाल्या होत्या, आणि तो इथून बारा किलोमीटरवर होता. समोरच्या खळ्यात गंगुबाईंचं कापलेलं भात भारे न बांधता तसंच पसरलेलं होतं. वाडीतली सगळी बायामाणसं ते वेचून आत टाकत होती, पण काय घाई म्हणून नव्हती. मधूनच कुणी पडवीकडे बघून खात्री करून घेई की बाई बसल्यात.

"गंगुबाई, वीज कडाडतेय. ते भात भिजेल हो!"

"तुमी उठू नका, म्हंजे झालं," गंगुबाई म्हणाल्या आणि तिसरा घावणा त्यांच्या ताटात घातला.

राजश्रीबाईंनी घास तसाच ठेवला. "मी उठले तर काय होईल?"

गंगुबाईंनी केरूकडे पाहिलं. तो मघापासून पेंढ्याच्या मांगराआडून बघत होता. केरू बाहेर आला, टोप्या खिशात चाचपत म्हणाला, "सांगा की वैनी. आता बाईपन म्हाताऱ्या झाल्या."

"खरं सांगू काय, बाई? तुमी जितं बसता, तितं पाऊस पडत नाय."

 तव्यावर घावणा चरचरत होता.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुनी म्हंजे? विनीतभाऊनीच सांगितलनी. पयल्याच वर्षी. आमचं भात आसंच बाहेर पडलेलं, आनी मी रडायला बसलेली. तर भाऊ म्हनाले, गंगुबाई, रडू नका, आमच्या बाईंना घावणे घालून बसवा. त्या जितं जातात तितनं ढग पळतो. मी गाडी तापवतो."

"तापवतो?"

"भाऊ उतरून बॉनेट उघडत, तवा गाडी तापे," केरू म्हणाला.

ईशाने उठून गाडीतली वही आणली. ती पुण्यात आकड्यांचंच काम करायची. पाय दुमडून पडवीत बसली आणि भराभरा पानं उलटत गेली.

"गाडी तापली, गंगुबाईंकडे थांबलो, हुकला. गाडी तापली, गंगुबाईंकडे थांबलो, हुकला. आई, हे तुझंच अक्षर ना?" तिने बोटांवर मोजलं. "सतरा वेळा तू इथे थांबलीयेस. सतरापैकी इथे पाऊस पडला फक्त एकदा."

"त्या येळी बाई मधेच उठून परसात गेलेल्या," गंगुबाई म्हणाल्या.

"हा निव्वळ योगायोग आहे," राजश्रीबाई ताठ बसून म्हणाल्या. "सतरा ही संख्या फार लहान आहे. आणि वारा इथे दरीमुळे वळतो, त्याला कारणं आहेत."

"कारणं आसतील," गंगुबाई समजुतीने म्हणाल्या. "आमी तुमाला दोष नाय देत."

"पण तुझा अंदाज एकसष्टात नऊ," ईशा हसू दाबत म्हणाली, "आणि यांचा सतरात सोळा."

राजश्रीबाईंना रागवायचं होतं. त्यांनी तशी तयारीही केली. पण डोळ्यांसमोर विनीत आला: उघड्या बॉनेटमागे अर्धा वाकलेला, चेहरा गंभीर, आणि हातात गुपचूप गुंडाळलेला घावणा. 'वीस मिनिटं तरी लागतील, बाई,' तो म्हणायचा. 'इंजिनाचं काही सांगता येत नाही.' चार वर्षांत गाडी एकदाही तापली नव्हती. हे आपल्या लक्षात आलं होतं, नोंदवलंही होतं. निष्कर्ष तेवढा काढायचा राहिला होता.

त्यांनी ताटातला घास उचलला. "चौथा घाला," त्या म्हणाल्या.

शेवटचं भात आत पडेपर्यंत पाच वाजले; तोवर त्या हलल्या नाहीत. ढग वाडीच्या उत्तरेने गडगडत गेला आणि खळ्यात चार थेंबसुद्धा पडले नाहीत. केरूने दोन्ही टोप्या परत आणून जागेवर लावल्या.

"मंगळवारी वरची खाचरं कापायची हायत," निघताना गंगुबाई म्हणाल्या. "याल ना? का म्हंतात तशा पुन्याला जाताव?"

राजश्रीबाईंनी ईशाकडे पाहिलं. ईशाने दुसरीकडे पाहिलं.

"बघू," राजश्रीबाई म्हणाल्या.

पालीपाशी शेजारच्या यमुनाबाईंचा फोन आला. ईशाने तो स्पीकरवर टाकला.

"अगो राजश्री, कुठे आहेस? इथे आभाळ कोसळतंय! अर्धा तास झाला. नारळ पडला आमचा एक. आणि तुमच्या गच्चीवर गाद्या आहेत का गो चार?"

ईशाने कपाळाला हात लावला. राजश्रीबाईंनी एक्सिलेटर दाबला. वाडीच्या उत्तरेने गेलेला ढग सरळ रत्नागिरीवर, नेमका त्यांच्याच घरावर जाऊन बसला होता. एवढ्या वर्षांत ढगाने असा उलटा पाठलाग कधी केला नव्हता. हातखंब्याला धाकू टपरीवर प्लास्टिक धरून भिजत उभा होता. त्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होता, बाई इथे थांबल्या असत्या तर काय बिघडलं असतं.

घरी पोचल्या तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. गच्चीवरच्या गाद्या पाणी पिऊन इतक्या जड झाल्या होत्या की दोघींना मिळून एकही उचलेना. राजश्रीबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या दक्षिणेच्या कोपऱ्यात, रिकाम्या कट्ट्यासमोर उभ्या होत्या.

"पर्जन्यमापक कुठे आहे?"

ईशाचा चेहरा पडला. "खाली. खोक्यात. सकाळी भरला मी. वर 'पुणे' लिहिलंय."

चोवीस वर्षांत त्या कट्ट्यावरून तो हलला नव्हता. विनीत गेला त्या दिवशीही संध्याकाळी कुणाच्या लक्षात न येता राजश्रीबाई वर येऊन आकडा बघून गेल्या होत्या. आणि आजचा एवढा पाऊस मोजलाच गेला नव्हता.

"सॉरी, आई. मला वाटलं, नाहीतरी तू..." ईशाने वाक्य सोडून दिलं.

राजश्रीबाईंनी आजूबाजूला पाहिलं. कठड्यापाशी पिठाचा डबा होता. उघडा, सरळ उभ्या कडांचा, तळ सपाट.

"पट्टी आण," त्या म्हणाल्या. "कडा सरळ असल्या की भांडं कितीही रुंद असलं तरी पाण्याची उंची तेवढीच भरते. आठवीत शिकवलं होतं तुला."

त्यांनी पट्टी बुडवली, डोळा पाण्याच्या पातळीला आणला आणि दोनदा वाचन घेतलं. "अडुसष्ट मिलिमीटर. लिही."

ईशा ओल्या गादीच्या काठावर बसून लिहीत गेली. बासष्टावा. नाणीजच्या अलीकडे, गंगुबाईंकडे थांबलो. मग तिची पेन्सिल थांबली.

"गाडी तापली, लिहू?"

"लिही," राजश्रीबाई म्हणाल्या. 

"आणि शेवटच्या रकान्यात? गाठला की हुकला?"

राजश्रीबाईंनी पट्टी पुन्हा पाण्यात बुडवली. तेवढ्यात ईशाचा फोन वाजला. सातला पाच कमी होते. ईशाने स्क्रीन बघितली, आईकडे बघितलं आणि फोन हातात धरून तशीच थांबली. डावीकडे की उजवीकडे, असं विचारताना तिचा बाप अगदी असाच थांबायचा.

राजश्रीबाईंनी भिजलेला पंचा पिळून त्याने पट्टी पुसली.

"काकांना सांग, मी पुण्याला येत नाही," त्या म्हणाल्या. "मंगळवारी गंगुबाईंची वरची खाचरं कापायची आहेत."