डावा हात लुंगीत

गेली बावीस वर्षं मी रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करतोय. भल्याभल्या गाड्या माझ्यासाठी खोळंबतात! असल्या माणसाला गिटारचा अँप्लिफायर जोडणं म्हणजे काय हो?

दोन हजार सहा साली मेहुण्यानं अमेरिकेहून जुन्या धाटणीच्या, काचेच्या व्हॉल्व्हवाल्या अँपचं किट आणलं. मी माझ्या मुलीला, रुचाला छातीठोकपणे सांगितलं, "शनिवारी मराठी मंडळात तू याच्यावरच वाजवणार!" एवढ्यावर थांबलो तर मी कसला? तिनं भाड्यानं ठरवलेला अँपही परस्पर रद्द करून टाकला. पोरीचा पहिलाच कार्यक्रम. ती नखं खात होती, मी खुशीत होतो.

माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर ठळक छापलं होतं : आत चारशे व्होल्ट असतात, एक हात खिशात ठेवा, म्हणजे झटका छातीतून जाणार नाही! आता चेन्नईच्या मे महिन्यात घरात माणूस लुंगीवर. लुंगीला खिसा कुठला? मी डावा हात पाठीमागून कमरेशी लुंगीत खोचला. उजव्या हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न. मग सोल्डरची तार धरायची कुठे? दातांत!

तेवढ्यात शेजारच्या विशालाक्षीमामी विरजण मागायला आल्या. मामी तंजावरच्या मराठी, कैक पिढ्या इकडच्याच.

"अय्यो, अशोकराव! हातास काय जाहलं?"

"ऊं हूं! आई आई!" मी तार न सोडता म्हणालो. म्हणजे, काही नाही.

"तोंड पण वाकडं! मुरुगा, मुरुगा!"

विरजण न घेताच मामी पळाल्या. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं की मला अर्धांगवायूचा झटका आलाय! पोंगल, रसम, पायसमचे डबे सुरू झाले. मामींचे यजमान वेंकटरमण दिवसातून दोनदा येऊन मला तेल चोळू लागले. हातातून स्क्रू निसटायचे, आणि भेटायला येणारे काही निसटत नव्हते!

"अगं, सांग ना त्यांना!" मी बायकोला म्हणालो.

"सांगते. तेवढं पायसम संपू दे," नीलम म्हणाली. तीन दिवस तिनं गॅस पेटवला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी सहा जोड बाकी आणि खोलीत अकरा माणसं! रुचाचे डोळे भरून आले. "बाबा, उद्या मी काय वाजवू? टाळ्या?"

माझं डोकंच फिरलं. तार थुंकली, डावा हात उपसला आणि ओरडलो, "सगळे बाहेर व्हा!"

मामींनी हात जोडले. "मुरुगा! हात आला! वाचा पण आली!"

दोन्ही हातांनी सहा जोड दहा मिनिटांत झाले. खिशात हात फक्त वीज चालू असताना, असं पुढच्या पानावर होतं म्हणे. इतकं वाचतो कोण! रुचानं गिटारची तार छेडली. काय आवाज! भिंतीवरचं कॅलेंडर हललं! पण सगळे बघत होते माझ्या हाताकडे.

"वडपळनीच्या मुरुगास नवस बोललेली मी," मामी म्हणाल्या. "हात आला की तुमचं मुंडण! उद्या सकाळीच जायचं."

"अहो, मला काही झालंच नव्हतं!"

"बघा! काही म्हणजे काही उरलं नाही!"

नीलम कानाशी पुटपुटली, "तीन दिवस जेवलोय त्यांचं. निमूट जा."

शनिवारी संध्याकाळी अँप उचलून एग्मोरच्या हॉलमध्ये शिरलो आणि व्हॉल्व्ह तापायला तो मंचावर चालू करून ठेवला. चेन्नईत देवाला केस देणं रोजचंच. पण मंडळात सगळे पुण्या-सांगलीकडचे! माझा गोटा बघून चिटणीस संताजीरावांचा चेहरा पडला. त्यांनी माझा हात दाबला. मी तोंड उघडेपर्यंत ते माइकवर!

"आपल्या अशोकरावांना पितृशोक झाला आहे. दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. रुचाचं वादन अर्थातच रद्द."

माझे वडील सांगलीत ठणठणीत आहेत हो! पण सगळा हॉल उभा असताना मी एकटा बसणार कसा? राहिलो उभा.

रुचा मात्र तरातरा मंचावर गेली. अँप तापलेलाच होता. तिनं वायर खुपसली आणि असा काही दणका दिला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या! जराही खरखर नाही!

संताजीरावांनी डोळे टिपले. "आजोबांवर फार जीव होता पोरीचा!"

मी नुसती मान हलवली. बोलणार कसा? दोन मिनिटं कुठे संपली होती!