तात्यासाहेबांनी पुलाचा चढ सर केला त्याची हकीकत

श्री. ऐकणारांस आयुष्य असावे आणि सांगणारास क्षमा असावी. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमीस वर्तमान घडले ते ऐसे जे, नदीच्या अलीकडील राज्यात तात्यासाहेब डुंबरे म्हणोन सरदार, मोजणी खात्यातून निवृत्त, यांचे पदरी एकोणीसशे एकसष्ट सालची मोटार होती. ती त्यांचे सासरे अण्णासाहेब यांनी अंतकाळी हाती दिली, आणि तात्यासाहेबांनी अकरा वर्षे तिला पुसले, तेल घातले, परंतु रस्त्यावर म्हणोन नेली नाही. दर दसऱ्यास झेंडू वाहोन चौघांकरवी फाटकाबाहेर दोन हात ढकलवीत, त्यास सीमोल्लंघन म्हणत, आणि मागुती आत घेत. कारण की, दगडी पुलाचा चढ थोर. तेथे मोटार थांबली म्हणजे मागे घसरेल, मागील फौज चिरडेल, आणि अण्णासाहेबांसारख्या निधड्या पुरुषाचे नाव जावयाने घालविले ऐसे होईल, या भयाने सरदारांस घाम फुटे.

ते साली अण्णासाहेबांच्या पत्नी माईसाहेब, वय वर्षे शहाऐंशी, पैलतीरी राहात, त्या एकादशीस कर्नाटक प्रांती मुलाकडे कायमच्या जाणार. निघण्यापूर्वी एकवार आपल्या धन्याच्या मोटारीत बसावे ऐसे त्यांनी लेकीस कळविले. मग ती लेक, म्हणजे तात्यासाहेबांच्या पत्नी इंदुमतीबाई, बोलिल्या, "अहो, आज नाही नेलीत, तर आई परत तीत बसायची नाही. रिक्षा बोलावू का?" हे शब्द सरदारांच्या काळजास लागले आणि उभयतांची स्वारी निघाली. आणि चौकात रिक्षांचे पेंढारी आडवे आले, आणि टँकरचे हत्ती अंगावर आले, तरी स्वारी पुलापावेतो सुखरूप पोहोचली. मग ऐन चढावर पुढील बस उभी राहिली, आणि मोटार बंद पडली, आणि मागोन कर्ण्यांचा ऐसा गदारोळ उठला की क्लच कोणता आणि ब्रेक कोणता याची सरदारांस शुद्ध राहिली नाही. ते म्हणाले, "इंदू, माझ्याच्यानं नाही व्हायचं." मग बाईसाहेब आपट्याच्या पानांची पिशवी घेवोन उतरल्या, आणि मागील प्रत्येक स्वारापाशी जाऊन, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," ऐसे म्हणत्या जाहल्या. वडीलधारी बाई सोने देत असता कर्णा वाजवील ऐसा मनुष्य त्या राज्यात नव्हता. कोणी हेल्मेट काढोन वाकले, कोणी पाय धरिले, आणि पूल शांत जाहला. इतक्यात पुढील बस हलली, आणि त्या शांततेत तात्यासाहेबांनी मोटार सुरू केली, क्लच केसभर सोडिला, मोटार थरथरली, तो हातब्रेक सोडिला, आणि ती वर चढली. पुन्हा थांबण्याची छाती नव्हती, सबब बाईसाहेब एका स्कूटरस्वाराच्या मागे बसोन पुलापलीकडे येऊन भेटल्या. सरदारांच्या डोळ्यांत पाणी होते.

माईसाहेब नवे लुगडे नेसोन दारी उभ्याच होत्या. त्या मोटारीत बसल्या आणि कोणत्या वाटेने आलात ऐसे पुसिले. तात्यासाहेब म्हणाले, "पुलावरनं."

"अगंबाई," माईसाहेब म्हणाल्या. "ह्यांनी तर जन्मात पुलावर गाडी घातली नाही. चढाची भीती. कुणाला सांगू नकोस म्हणायचे, आणि आम्ही सहा मैल फिरून धरणाच्या रस्त्यानं यायचो."

तात्यासाहेबांनी किल्ली फिरवोन मोटार सुरू केली. मग विचारिते जाहले, "माई, मग तुम्हाला कुठनं नेऊ?"

"पुलावरनंच न्या, जावईबापू. मला वरनं नदी बघायचीय."

येणेप्रमाणे माईसाहेबांनी त्रेसष्ट वर्षांत प्रथम आपल्या मोटारीतून नदी पाहिली, आणि एकादशीस कूच केले. वर्तमान इतकेच.