शेवंतीची बस

मिक्सर असो, गिझर असो, इस्त्री असो, स्क्रू असलेली वस्तू माझ्यापुढे आली की ती गुपचूप उघडते. कल्याणजवळ मोहन्याच्या कारखान्यात जन्मभर इलेक्ट्रिशियन होतो, गंमत नाही! म्हणून बायकोच्या लॅपटॉपचं ग्राफिक्स वाढवायचं ठरवलं तेव्हा मी कुणाला काही विचारलंच नाही.

शेवंतीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती घरात अडकली. पायाला भिंगरी लावून अख्खं कल्याण फिरणारी बाई खिडकीशी गप्प बसून राहायला लागली. मग आमच्या लेकीने, संचिताने, बंगळुरूला जाताना जुना लॅपटॉप ठेवला आणि त्यात बस चालवायचा गेम टाकून दिला. शेवंतीचे वडील एसटीचे ड्रायव्हर. लहानपणी ती त्यांच्या मागच्या सीटवर बसून घाट उतरलेली. आता स्वतः उतरायला लागली. जेवतानासुद्धा डाव्या हाताने वळण घ्यायची! पण ऐन घाटात लॅपटॉप अडकायचा. बस आधी पोचायची, रस्ता मागाहून यायचा.

कोपरीला राहणाऱ्या माझ्या दोस्ताने, रुडॉल्फने, मुलाचा जुना कॉम्प्युटर मोडीत काढलेला. त्यातलं ग्राफिक्स कार्ड मी मागून आणलं. लॅपटॉपला बसेल ना रे, असं त्याने विचारलं. मी नुसता हसलो.

शेवंती व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे गेली तसा मी लॅपटॉप उघडला. कार्ड मिठाईच्या खोक्याएवढं, वर दोन पंखे. लॅपटॉपच्या आत जागा पापडाएवढी! हत्तीला रिक्षात बसवावं तसं मी ते आडवं, उभं, तिरकं सगळं लावून बघितलं. शेवटी हरलो, झाकण लावलं, तर मूठभर स्क्रू उरले आणि लॅपटॉप सुरूच होईना!

तेवढ्यात बेल वाजली. मी घाईघाईने सगळं चादरीखाली सरकवलं आणि दार उघडलं. शेवंतीने रिकामं टेबल बघितलं, फुगलेली चादर बघितली आणि काठी टेकत पलंगावर बसली.

"माझ्या बसचा कंटाळा आला तर सांगायचं होतं," ती म्हणाली. "लपवायचं कशाला?"

मी चादर ओढली, कार्ड तिच्या हातात दिलं आणि सगळं सांगून टाकलं. तिने ते कार्ड मांडीवर घेतलं.

"हे माझ्यासाठी आणलंत?"

मग संचिताला व्हिडिओ कॉल केला. ती आधी पोटभर हसली. या लॅपटॉपची ग्राफिक्सची चिप बोर्डालाच सोल्डर केलेली आहे, ती बदलता येतच नाही, असं तिने सांगितलं. लॅपटॉप मेला वगैरे काही नव्हता. मी बॅटरीची वायर काढलेली, ती लावायलाच विसरलो होतो! मग तिने गेमची सगळी सेटिंग खाली आणायला लावली. सावल्या गेल्या, झाडं गेली, प्रवासीही गेले. पण बस लोण्यासारखी वळली.

शेवंतीचा चेहरा मात्र उतरला. रिकामी गाडी कशी न्यायची, असं ती हळूच म्हणाली.

मी खुर्ची उचलली, तिच्या मागे ठेवली आणि बसलो. तिने मान वळवून बघितलं, हसली आणि गाडी काढली.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळचा प्रवासी. काल घाट लागल्यावर वाटलं, लॅपटॉपचं ग्राफिक्स का बदलता येत नाही ते हिला नीट समजावून सांगावं. मी घसा खाकरला. शेवंतीने रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये," ती म्हणाली.