जन्मनोंद नसलेल्या मृतांचं स्मारक

माणूस मारला गेला हे सिद्ध करायचं, तर आधी तो जन्मला होता हे सिद्ध करावं लागतं. सान हिलारियोच्या स्मारक समितीने हे तत्त्व एकमताने मान्य केलं. मी समितीचा सचिव.

१९४५ साली जपानी सैनिकांनी फिलिपीन्समधल्या आमच्या या गावातली दोनशे बारा माणसं चर्चमध्ये कोंडली आणि चर्च पेटवलं. साठ वर्षांनी महापौर क्रिसांतो 'टाटिंग' मकाराएग यांना त्याचं अतिशय दुःख झालं. (निवडणूक तोंडावर होती.) त्यांनी काळ्या दगडाचं स्मारक मंजूर केलं. त्यावर नाव कोरायला बाप्तिस्म्याचा दाखला सक्तीचा ठरला. उगाच कोणी घुसायला नको.

पहिला अर्ज इलुमिनादा आजींचा. त्यांची चार वर्षांची बहीण पुरिता आत होती. आजी पाणी भरायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या.

"दाखला?" मी विचारलं.

"अरे लेकरा, दाखल्यांची वही चर्चमध्येच होती ना. माणसांबरोबर तीही जळली."

"मग त्या वेळी आत असलेले दोन साक्षीदार आणा."

आजी म्हणाल्या, "तुझी आजी होती की आत. जा, तिलाच घेऊन ये."

(माझ्या आजीचाही दाखला नव्हता. तिचा अर्ज मीच फेटाळला. नियम म्हणजे नियम.)

छाननीअंती दोनशे बारापैकी अकराजणच जन्मले असल्याचं आढळलं. (त्यांचा बाप्तिस्मा शेजारच्या गावात झाला होता.) हत्याकांड जवळपास पंचाण्णव टक्क्यांनी घटलं. आधीच्या एकाही महापौराला हे जमलं नव्हतं.

दगडावर जागा मात्र भरपूर उरली. आमच्याकडे अँब्युलन्सपासून कचराकुंडीपर्यंत महापौरांचं नाव असतंच, तेव्हा क्रिसांतो 'टाटिंग' मकाराएग इथेही वीतभर अक्षरांत सर्वांत वर आले. खाली समिती, बँडवाले आणि उद्घाटनाचं डुक्कर भाजणारा. सगळ्यांचे दाखले चोख होते.

उद्घाटनाच्या दिवशी इलुमिनादा आजी जेवल्या नाहीत. गर्दी पांगल्यावर त्यांनी केसांतला आकडा काढला आणि दगडाच्या पाठीवर बहिणीचं नाव ओरखडलं. त्याची 'विद्रूपीकरण' अशी नोंद झाली आणि घासायचं काम माझ्याकडे आलं. दर वर्षी त्या ओरखडतात, मी घासतो. गेल्या वर्षी आकडा त्यांच्या हातून सारखा निसटत होता. शेवटचं अक्षर मी पुरं करून दिलं आणि मग सगळं घासलं. तेव्हा मला माझीच लाज वाटली. (कार्यवृत्तात त्यासाठी रकाना नाही.)

आता आजी वाद घालत नाहीत. दगडासमोर फोटो काढणाऱ्यांना फक्त विचारतात, "काय वाचलंस रे बाळा?" सगळे एकच नाव सांगतात.

तुम्हीही ते सांगाल, टोपणनावासकट. त्या चार वर्षांच्या मुलीचं नाव मी एकदाच दिलं आहे. मला ते पाठ आहे, कारण घासायचं काम माझं.

तुम्ही सांगा बघू. वर जाऊन बघायचं नाही.