प्रमाणित एकाकी

गेल्या जूनच्या तिसऱ्या रविवारी आमच्या चर्चमध्ये उपासनेला एकूण एकोणीस माणसं हजर होती, आणि त्यातला एक जण छप्पर कुठं गळतंय ते बघायला आलेला सुतार होता. ही आकडेवारी पक्की आहे, कारण ती मी स्वतः घेतलेली आहे. सरकारी खात्यात चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला मोजदाद केल्याशिवाय प्रार्थनेत मन लावता येत नाही.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी उपदेशातच सांगून टाकलं की मंडळी थंड पडली आहे. आत्मिक संजीवन पाहिजे, आणि ते नुसते गुडघे टेकून येत नाही, उठून दुसऱ्याच्या दारापर्यंत जावं लागतं. प्रत्येकानं आठवड्यातून एकदा एखाद्या एकाकी माणसाला भेटावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. पाळकसाहेब वयानं तरुण, स्वभावानं साधे. नुसतं 'एवढंच' म्हटल्यानं या देशात कुठलंही काम होत नाही, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

मी उठून उभा राहिलो. खरं सांगायचं तर निवृत्तीनंतरची दोन वर्षं माझी फार वाईट गेली होती. सकाळी उठावं तर डबा नाही, मस्टर नाही, आणि आपल्या सहीवाचून कोणाचं काही अडलेलं नाही. बायको म्हणायची, परसात जाऊन नारळ मोजा. तेही मोजून झाले होते. त्या रविवारी मात्र मला आतून हाक आली. "यासाठी समिती नेमायला हवी," मी म्हणालो, आणि माझ्या अंगावर काटा आला.

समिती तिथल्या तिथे झाली. मी, शांतवन जाधव, सेक्रेटरी. शाळेत मुख्याध्यापिका असलेल्या योगिनीताई अध्यक्ष. लांब लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारा रितेश सदस्य, कारण तो त्या दिवशी गैरहजर होता आणि त्याला नाही म्हणता आलं नाही. पहिल्याच बैठकीत मी भेट-अहवालाचा नमुना मांडला. भेटीची तारीख, वेळ, कालावधी, म्हटलेलं गीत, केलेली प्रार्थना, शेरा, आणि तळाला भेट स्वीकारणाऱ्या व्यक्तीची चौकटीत सही. भेट राहत्या घरीच झाली पाहिजे, अशी ठळक टीप. इतका सुबक कागद मी नोकरीत असतानासुद्धा काढला नव्हता.

आता एकाकी माणूस पाहिजे. इथं घोडं पेंड खाऊ लागलं. आम्ही निकष ठरवले: वय सत्तरच्या वर, घरात दुसरं माणूस नाही, मुलं परगावी. मग चर्चच्या फलकावर अर्ज मागवले. महिनाभरात एकही अर्ज आला नाही. रत्नागिरीतला माणूस उपाशी राहील, पण आपण एकटे आहोत असं लेखी देणार नाही. एका आजोबांना मी घरी जाऊन विचारलं, तर त्यांनी कुत्रं सोडलं.

शेवटी सापडल्या त्या सुगंधाबाई साळवी. वय शहात्तर, मांडवीच्या बाजूला दोन खोल्यांचं चिऱ्याचं घर, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा बोटीवर. दरवर्षी नाताळच्या उपासनेत बायबलातला शास्त्रपाठ त्याच वाचायच्या, चाळीस वर्षं वाचत आलेल्या. तशा त्या एकाकी दिसत नव्हत्या. सकाळी यमुना मासेवाली टोपली उतरवून त्यांच्या पायरीवर अर्धा तास बसे, दुपारी रेडिओ असे, आणि संध्याकाळी शेजारच्या सुनेची सासूबद्दलची आणि सासूची सुनेबद्दलची तक्रार त्या वेगवेगळ्या वेळी ऐकून घेत. पण मी नियमाप्रमाणे विचारलं, "एकट्याच राहता ना?" त्या हो म्हणाल्या. मी प्रमाणपत्र दिलं.

मंडळीत कुटुंबं एकतीस आणि एकाकी एक. म्हणजे वेळापत्रक आलंच. दिवसाला चार-पाच भेटी बसवल्या. सकाळी साडेसातला पहिलं कुटुंब गीत म्हणू लागे, यमुना पायरीवर टेकायला येई ती आतली गर्दी बघून परत जाई. रेडिओ बंद झाला. सासू आणि सून नाइलाजानं एकमेकींशी बोलू लागल्या. सुगंधाबाई दिवसभर चहा करत, कारण आलेल्या माणसाला चहाशिवाय पाठवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. महिन्याभरात त्या चार किलोंनी उतरल्या. योगिनीताईंनी शेऱ्यात लिहिलं, 'प्रकृतीत हलकेपणा जाणवतो, प्रभूची कृपा.'

रितेशला लोट्याहून दर आठवड्याला येणं जमेना. तो सुट्टीच्या एकाच दिवशी महिन्याच्या चारही भेटी उरकायचा. आत यायचा, प्रार्थना करायचा, सही घ्यायचा, बाहेर जाऊन दार लावायचा आणि पुन्हा वाजवायचा. चारही वेळा सुगंधाबाई दार उघडून "ये बाबा" म्हणायच्या. चारही वेळा तो "कशा आहात?" विचारायचा. नियमात हे बसत होतं. मी तपासून पाहिलं.

रविवारी सकाळची वेळ उपासनेला न येणाऱ्या कुटुंबांनी मागून घेतली, कारण त्या वेळी ती मोकळी असतात. साहजिकच सुगंधाबाईंना त्यांच्यासाठी घरी थांबावं लागे. त्या सलग पाच रविवार उपासनेला दिसल्या नाहीत. चाळीस वर्षांत असं घडलेलं नव्हतं. समितीनं गंभीर दखल घेतली आणि, भगिनी आत्मिकदृष्ट्या थंड पडत आहेत, असा निष्कर्ष काढून त्यांच्या भेटी वाढवल्या.

याच सुमारास त्यांच्या सह्या बिघडू लागल्या. चौकटीत सही यायची ती शेऱ्यावर, नाहीतर प्रार्थनेच्या रकान्यात. एक तर कागदाबाहेर टेबलावर होती. मला राग आला. मी अकरा अहवाल परत पाठवले आणि स्वतः जाऊन समज दिली की सही चौकटीच्या आत हवी.

"शांतवनराव, चौकट दिसत नाय मला," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टरांनी पुढच्या गुरुवारी बोलावलंनी आहे. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. पण संगती एक माणूस पायजे, त्याशिवाय ऑपरेशन करणार नायत. आणि नाताळच्या आत नाय झालं, तर पाठ कसा वाचू?"

मी हे शेऱ्याच्या रकान्यात शब्दशः उतरवून घेतलं. नंतर दफ्तर तपासलं, तेव्हा आढळलं की हीच मागणी याआधी चौदा अहवालांत नोंदवलेली आहे. कोणीही दुर्लक्ष केलेलं नव्हतं. चौदाही जणांनी अक्षर सुवाच्य काढलं होतं.

समितीची तातडीची बैठक भरली. मी मुद्दा मांडला की ही मागणी रास्त आहे, पण नमुन्यात भेट राहत्या घरी असा स्पष्ट उल्लेख आहे आणि दवाखाना हे कोणाचंही राहतं घर नाही. योगिनीताई म्हणाल्या, दवाखान्याचं काम रुग्णसेवा समितीकडे जातं. ते खरंच होतं. फक्त रुग्णसेवा समितीचे एकमेव सदस्य तीन वर्षांपूर्वी देवाघरी गेले होते आणि त्यांचा राजीनामा आलेला नव्हता. पाळकसाहेबांनी मधेच विचारलं, कोणीतरी नुसतं जाऊन बसलं तर? आम्ही त्यांना समजावलं की दाखल होईपर्यंत त्या रुग्ण नाहीत, आणि दाखल झाल्यावर आजूबाजूला नर्स असल्यामुळे त्या एकाकी नाहीत. पाळकसाहेब गुरुवारी स्वतःच जायला निघाले होते, पण गुरुवारी त्यांना आमच्या कामाचा अहवाल वाचायला वरच्या कार्यालयानं मुंबईला बोलावलं होतं.

त्या गुरुवारी समिती नियमाप्रमाणे सुगंधाबाईंच्या घरी गेली. दाराला कुलूप होतं. आम्ही पायरीवर उभं राहून दोन कडवी म्हटली, कुलुपासमोर प्रार्थना केली, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. त्याला बावीस जणांनी हात जोडले. शेऱ्यात मी लिहिलं, 'पूर्वसूचना न देता गैरहजर.' शेजारच्या सुनेनं माडाच्या मुळाशी पाणी ओतता ओतता सांगितलं की आजींना यमुना मासेवाली घेऊन गेली, आज तिनं टोपली भरलीच नाही.

ती आमच्या मंडळीची नव्हे. हिंदू बाई, मिरकरवाड्यातली. तिला नमुना दिलेलाच नव्हता, म्हणून ही सोबत दफ्तरी धरता आली नाही.

नाताळला चर्च भरून गेलं. सुगंधाबाई काळा चष्मा लावून पुढं आल्या, चष्मा काढला आणि शास्त्रपाठ एकदाही न अडखळता वाचला. वाचून झाल्यावर त्या खाली बसल्या नाहीत. मला परत दिसायला लागलं, त्याबद्दल देवाचे आभार, असं त्या म्हणाल्या. आणि यमुनेचे. ती दिवसभर बाकावर बसून होती आणि तिला आपली कुठलीच प्रार्थना येत नव्हती, म्हणून तिनं नुसता हात धरून ठेवला. बस्स, एवढंच बोलून त्या जागेवर गेल्या. त्यांनी आम्हाला एका शब्दानं काही म्हटलं नाही, आणि मला इतकी लाज वाटली की नाताळचं मटण मला गिळवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. एकटा, नंबर नसताना. त्यांनी दार उघडलं, मला बघितलं, मागं वळून खिडकीतलं पेन घेतलं आणि हात पुढं केला.

"द्या. आता दिसतंय मला. चौकटीतच करते."

"आज कागद नाही आणला."

"विसरलात होय?" त्या काळजीनं म्हणाल्या. "मग जाऊन घेऊन या. मी थांबते."

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर दोन चौकशा बसल्या, पण इतकं कोणी झोडपलं नव्हतं. मी पायरीवर बसलो. शेजारी यमुना होतीच. मी म्हणालो की दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी येतो संगतीला. सुगंधाबाईंनी यमुनेकडे पाहिलं.

"ती येणार आहे," त्या म्हणाल्या. "पण टोपली सोडून येते ना, तिचा दिवस बुडतो. तुम्ही टोपली घेऊन बसाल काय?"

मी बसलो. फेब्रुवारीत, सकाळी आठपासून, नाक्यावर, पिंपळाच्या सावलीत, बांगडे आणि सौंदाळे घेऊन. पहिला अर्धा तास मी कोणाकडे मान वर करून पाहिलं नाही. मग माझ्याच खात्यातला एक जुना साहेब गिऱ्हाईक म्हणून आला, आणि मला बघून भाव न करता दोन वाटे घेऊन गेला. मी मासे कसे विकले ते यमुना आजही चारचौघांत सांगते. मांजरानं एक बांगडा नेला, तो मी पाठलाग करून परत आणला आणि विकला, हे मात्र तिला मी सांगितलेलं नाही. दुपारी दोघी रिक्षातून आल्या. सुगंधाबाईंच्या डोळ्यावर पट्टी होती आणि यमुनेचा हात त्यांच्या हातात होता. माझ्या अंगाला घामाचा आणि मासळीचा वास येत होता, आणि मी निवृत्तीनंतर पहिल्यांदा, काही न लिहिता, सुखात होतो.

हे सगळं मी पुढच्या रविवारी साक्ष म्हणून सांगितलं. मंडळीत रुमाल निघाले. योगिनीताई तर उभ्या राहून रडल्या, आणि रडतच त्यांनी ठराव मांडला की एवढी मोठी जागृती वाया जाता कामा नये. तो एकमतानं मंजूर झाला. मी सूचक व्हायचं नाही असं ठरवलं होतं, पण अनुमोदन द्यायला कोणीतरी लागतंच.

आता आमच्याकडे मोतीबिंदू सोबत योजना आहे. एकतीस कुटुंबांनी नावं नोंदवली आहेत, तीन जण नाक्यावर मासे घेऊन बसायला राखीव आहेत. रितेशनं एका सुट्टीत चार ऑपरेशनं करून घेता येतील का, अशी विचारणा केली आहे. नमुना मी नव्यानं काढला, त्यात हात धरल्याचा कालावधी मिनिटांत भरायचा आहे. अडचण एकच. सुगंधाबाईंचे दोन्ही डोळे झाले, तिसरा नाही, आणि मंडळीत दुसरं कोणी कबूल होत नाही.

म्हणून हे जाहीर निवेदन. तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे तुमची नजर शाबूत आहे, तुमचा आम्हाला उपयोग नाही. पण तुमच्या घरात आई असेल, वडील असतील, गावाकडे एखादी आत्या असेल. त्यांना हल्ली नीट दिसतं का, हे तुम्हाला सांगता येणार नाही. अजूनपर्यंत कोणालाच सांगता आलेलं नाही, असा आमच्या समितीचा अनुभव आहे. तुम्ही विचारायला जाऊ नका, तुम्हाला वेळ नाही हे आम्ही धरूनच चाललो आहोत. नुसता पत्ता कळवा. आम्ही एकतीस जण येतो.